ओढ्याची वही: पांढरा साका, तपकिरी साका

गोरेगाव पूर्वेला आरेच्या टेकड्यांवरून उतरून पुढे ओशिवरा नदीला मिळणारा एक लहान ओढा आहे. आमच्या सोसायटीच्या मागून जाणारा त्याचा १४० मीटरचा तुकडा आम्ही हाती घेतला. आम्ही म्हणजे मी, कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. माझे सहा माजी विद्यार्थी. सोसायटीतली चार-पाच माणसं. आणि बांधकामावर उभं आयुष्य काढलेले एक मुकादम. वहीत रोजच्या रोज टिपलेलं इथे उतरवते आहे. जिथे चुकलो तेही तसंच ठेवलं आहे.

२० नोव्हेंबर २०२३

दिवाळीच्या पाहुण्यांची गडबड संपली. सकाळी सातला वरपासून खालपर्यंत चालत गेलो. आरेच्या हद्दीजवळ पाणी घोट्याएवढं, स्वच्छ, दगडांवर हिरवट बुळबुळीत थर, खाली बारीक मासे. तिथून जेमतेम अर्धा किलोमीटर खाली आमच्या भिंतीमागे तेच पाणी काळं, आणि सडक्या अंड्यासारखा वास.

तीन ठिकाणी ३०० मिलिलिटरच्या बाटल्या भरल्या. त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घातलं. विंकलरची ही जुनी पद्धत मी बत्तीस वर्षं मुलांना शिकवली. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तळाशी बसणारा साका तपकिरी पडतो, नसेल तर पांढराच राहतो. वरच्या बाटलीत गडद तपकिरी, लिटरमागे ६.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन. मधली फिक्कट. आमच्या मागची पांढरी, दुधासारखी. शून्य.

प्रयोगशाळेत पांढरा साका मुलांना दाखवायचा तर पाणी मुद्दाम उकळून गार करावं लागायचं. इथे वाहत्या पाण्यात तो आपोआप पडला. बाटली हातात धरून मी बराच वेळ उभी होते.

३ डिसेंबर

प्रवाह मोजला. दहा मीटरच्या अंतरावर दोन दोऱ्या बांधल्या आणि लिंबू सोडलं. पाच वेळा सोडलं, सरासरी ८५ सेकंद. पृष्ठभागावरचं पाणी तळापेक्षा जोरात धावतं, म्हणून ०.८५ ने गुणलं: सेकंदाला १० सेंटिमीटर. पाण्याची रुंदी ८० सेंटिमीटर, खोली ५. म्हणजे सेकंदाला ४ लिटर, दिवसाला सुमारे साडेतीन लाख लिटर.

माणशी १३५ लिटर पाणी धरलं आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं असं मानलं, तर हे सगळं मैलापाणीच असल्यास साधारण ३,२०० माणसांचं झालं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून बीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण पचवायला जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनचा, आकडा आला: ९६. आपल्याकडे हा तपास २७ अंशांवर तीन दिवस ठेवून करतात. लिटरमागे ९६ मिलिग्रॅम, गुणिले साडेतीन लाख लिटर. या पाण्यातली घाण पचवायला रोज ३३ किलो ऑक्सिजन लागणार.

१९२५ साली स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी अमेरिकेतल्या ओहायो नदीवर याच हिशोबाचं गणित मांडलं. जिवाणू घाण खाताना ऑक्सिजन संपवतात, हवेतून तो पुन्हा पाण्यात मुरतो, आणि या दोहोंच्या ओढाताणीत नदी काही अंतर खचते व पुढे सावरते. सावरायला तिला वेळ लागतो. आमच्या १४० मीटरमधून पाणी किती वेळात निघून जातं? २३ मिनिटांत. एवढ्यात जिवाणूंनी काय काय करावं!

कामाची दिशा आज ठरली. पाणी थांबवायचं, त्यात हवा मुरवायची, जिवाणूंना बसायला जागा द्यायची. आणि येणारी घाण कमी करायची, जे सगळ्यांत कठीण आहे.

१७ डिसेंबर

पाइप मोजले. ११. दोन पावसाळी पाण्याचे, बाकी नऊमधून मोरीचं किंवा संडासाचं पाणी येतं. त्यातला एक आमच्याच सोसायटीच्या सेप्टिक टँकचा, भरून वाहणारा. सोसायटीच्या बैठकीत हे सांगताना माझा आवाज चढला. चढायलाच हवा होता.

वरच्या अंगाला म्हशींचा तबेला. एक म्हैस दिवसाला १५ ते २० किलो शेण टाकते, आणि गोठा धुतल्यावर ते थेट ओढ्यात. मालक भला माणूस. म्हणाला, "मॅडमजी, पहले खेतवाले शेण घेऊन जायचे. आता शेत कुठाय? टेम्पोवाला पण पैसे मागतो." त्याला दोष देऊन भागणार नाही. शेण न्यायला कोणी मिळतं का, ते बघायचं आमच्याकडे लागलं.

पाड्यावरच्या आजींना भेटलो. लहानपणी त्या याच ओढ्यात रात्री मशाल घेऊन मुठे, म्हणजे गोड्या पाण्यातले खेकडे, पकडायच्या. कुठल्या वळणावर जास्त मिळायचे, तेही त्यांनी हाताने दाखवलं. त्या वळणावर आता चार नंबरचा पाइप आहे.

७ जानेवारी २०२४

जिवाणूंची पावडर विकणारे एक गृहस्थ आले होते. किलोला बाराशे रुपये. आठवड्याला पाच किलो टाका, महिन्यात पाणी स्वच्छ. सोसायटीतल्या एका काकांनी जीवामृताचा आग्रह धरला. गावाकडे त्यांच्या शेतात त्यांनी त्याचा गुण पाहिला आहे आणि ते मनापासून सांगत होते. मी त्यांना म्हटलं, काका, शेतात जमीन उपाशी असते. जीवामृतात गूळ आणि बेसन असतं, म्हणजे जिवाणूंचं जेवण. आपल्या ओढ्यात जेवण आधीच उतू चाललंय. त्यात आणखी वाढलं तर उरलासुरला श्वासही जाईल. त्यांना पटलं.

पावडरीचा निकाल मात्र बोलून लावायचा नव्हता. गच्चीवर वीस लिटरच्या चार बादल्या मांडल्या, चारही ओढ्याच्या काळ्या पाण्याने भरल्या. पहिली तशीच ठेवली. दुसरीत पावडर. तिसरीत माशांच्या टाकीचा हवेचा पंप. चौथीत पंप, शिवाय आरेच्या हद्दीजवळून आणलेले बुळबुळीत दगड आणि काथ्याच्या दोरीचे तुकडे.

१५ जानेवारी

पाचव्या दिवशीचा बीओडी. सुरुवात ९६. तशीच ठेवलेली बादली ७१. पावडरीची ६८. नुसती हवा ३१. हवा आणि दगड १७.

चौथ्या बादलीचं पाणी नाकाशी नेलं, तर पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येत होता. मुलांनी एकामागून एक हुंगून पाहिलं. पावडरीच्या बादलीवर मात्र काळी साय धरली होती.

चारच बादल्यांचा प्रयोग आहे, यावरून मोठा सिद्धान्त मांडत नाही. पण एक गोष्ट मला आता पक्की वाटते. मैलापाण्यात जिवाणूंचा तुटवडा कधीच नसतो. एका थेंबात लाखोंनी असतात. त्यांचा श्वास कोंडला आहे आणि त्यांना पाय रोवायला जागा नाही. दगडावरचा तो बुळबुळीत थर, ज्यावरून आपण घसरतो आणि ज्याला नावं ठेवतो, तोच ओढ्याचं यकृत आहे. वरच्या बाजूने हवा खाणारे जिवाणू, आतल्या बाजूला हवेवाचून जगणारे, त्यांना खाणारे सूक्ष्म प्राणी, सगळ्यांची वस्ती त्या अर्ध्या मिलिमीटरात. वाहत्या पाण्यात तरंगणारा जिवाणू २३ मिनिटांत वाहून जातो. दगडावरचा राहतो, आणि घाण त्याच्याजवळून जाते.

पावडर घ्यायची नाही.

२९ जानेवारी

वॉर्ड ऑफिस. ओढ्यात बांध घालायच्या परवानगीसाठी तिसरी फेरी. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: "पाऊस आला की काय करणार?" प्रश्न रास्त आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा याच ओढ्याने आमच्या इमारतीचा पहिला मजला गाठला होता. नाल्यात काहीही उभं करायचं म्हटलं की या शहराचा जीव घाबरतो. घाबरायलाच हवा.

अटी: बांध ४० सेंटिमीटरहून उंच नाही, सिमेंट नाही, ३१ मेपूर्वी सगळं काढून घ्यायचं. मान्य केल्या.

११ फेब्रुवारी

तीन बांध घातले. तारेच्या जाळीत काळा दगड भरून, वनराई बंधाऱ्यासारखे, फक्त मातीच्या गोण्यांऐवजी दगड. मुकादमांनी बांध सरळ घालू दिला नाही. "बाई, पोट पाण्याकडे ठेवा, नाहीतर कडा खाऊन निघून जाईल." दोन्ही टोकं काठात हातभर खोल रोवली. वरच्या तोंडाला कचरा अडवायची जाळी आणि तिच्याखाली गाळ बसायला खड्डा. पाण्यात काथ्याच्या दोऱ्यांचे पडदे सोडले. कडेला कर्दळ, देवनळ, पाणकणीस आणि थोडा वाळा. ही झाडं स्वतः फारशी घाण खात नाहीत; त्यांच्या मुळांवर जिवाणू वस्ती करतात आणि मुळांतून थोडी हवा चिखलात उतरते.

पाणी साचलं. लांबी १४०, रुंदी अडीच, सरासरी खोली ३० सेंटिमीटर. एक लाख लिटरच्या वर. २३ मिनिटांचे सात तास झाले.

२५ फेब्रुवारी

वाईट आठवडा. वास दुपटीने वाढला. तळमजल्यावरच्या दोन कुटुंबांनी खिडक्या बंद ठेवल्या आणि एका आजोबांना रात्रभर मळमळलं. तक्रार झाली. व्हायलाच हवी होती.

चूक माझी आहे. पाणी थांबवलं, पण हवा दिली नाही. तिसऱ्या बांधामागे गाळाचा जाड थर बसला आणि तो कुजू लागला. ऑक्सिजन संपला की काही जिवाणू सल्फेटवर श्वास घेतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्याचा वास त्याचाच. तो लोहाशी जुळून पाणी काळं करतो. वाहता ओढा निदान थोडा श्वास घेत होता. मी त्याला डबकं केलं.

दोन दिवस गाळ काढला. तिसरा बांध १५ सेंटिमीटरवर आणला. पहिल्या दोघांच्या माथ्यावर खाचा पाडल्या, म्हणजे पाणी पातळ होऊन पायरीपायरीने पडेल. पाण्यात हवा सोडायला सोसायटीने अर्ध्या हॉर्सपॉवरचा ब्लोअर घेऊन दिला. त्याची वीज सोसायटीच्या मीटरवरून. आवाज होतो म्हणून रात्री अकराला बंद ठेवायचं ठरलं. मला ते मंजूर नव्हतं, पण ज्यांनी वास सोसला त्यांना झोपही नाकारता येत नाही.

१० मार्च

खालच्या टोकाच्या बाटलीत साका पडला आणि तळाशी किंचित पिवळसर छटा दिसली. अ‍ॅसिड घालून टायट्रेशन केलं, म्हणजे रंग जायला किती थेंब लागतात त्यावरून ऑक्सिजन मोजला. स्टार्चचा निळा रंग बारा थेंब... तेरा... गेला. ०.७.

एकही मिलिग्रॅम नाही. पण शून्य नाही. माझी एक विद्यार्थिनी ब्युरेटची नळी सोडून नाचायला लागली, मी तिला रागावले नाही.

आमच्या सोसायटीचा पाइपही आज बंद झाला. सेप्टिक टँकला बगल देऊन सगळं महापालिकेच्या मलवाहिनीला जोडलं. सोळा घरांनी प्रत्येकी अकरा हजार काढले.

२७ मार्च

धुळवडीनंतर दोन दिवसांनी, पहाटे पाणी पुन्हा काळं. रात्री कुणीतरी मैल्याचा टँकर वरच्या पुलावरून रिकामा करून गेलं. खुणा होत्या. पांढरा साका. काथ्यावरचा तपकिरी थर सुटून तरंगत होता. चार महिन्यांचं काम एका रात्रीत, असं वाटून रडू आलं.

३१ मार्च

चौथ्या दिवशी ०.९. आम्ही काहीच केलं नव्हतं, फक्त गाळ उपसला आणि ब्लोअर चालू ठेवला. दगडांच्या फटीत जे तगलं त्यातूनच वस्ती पुन्हा उभी राहिली. नोव्हेंबरात असा टँकर पडला असता तर कुणाला कळलंही नसतं. पाणी आधीच मेलेलं होतं. घाव लागतो आणि भरूनही येतो, म्हणजे अंगात जीव आहे.

१६ एप्रिल

उकाडा असह्य. सांताक्रूझला पारा ३९ च्या वर. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम, ३० ला साडेसात. आणि नेमकी तेव्हाच जिवाणूंची भूक वाढते. दोन्हीकडून मार.

दुपारी तीनला ४.८ आला आणि सगळे खूश. मी पहाटे साडेपाचला पुन्हा मोजायला लावलं: ०.६. दिवसा शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं, रात्री तेही श्वास घेतं, शिवाय आपला ब्लोअर बंद. फक्त दुपारचे आकडे सांगितले असते तर ती लोकांची फसवणूक झाली असती. यापुढे वहीत पहाटेचाच आकडा लिहायचा. ब्लोअरला लाकडी पेटी आणि आत नारळाच्या काथ्याचं अस्तर केलं, आता तो रात्रभर चालतो.

बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी ३८. आत येणाराही आता ७० आहे, कारण दोन पाइप बंद झाले आणि शेण एक नर्सरीवाला उचलू लागला. ७० मधून ३८ वर आला, त्यातलं किती जिवाणूंनी खाल्लं आणि किती नुसतं खड्ड्यात बसलं? गाळाचं वजन पाहता मला वाटतं, निम्म्याला निम्मं. आंघोळीच्या पाण्याला ३ ची मर्यादा आहे. आपण फार लांब आहोत. मैलापाण्यातला अमोनिया तर हललाच नाही. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन नायट्रेटपर्यंत न्यायला साडेचार मिलिग्रॅमहून जास्त ऑक्सिजन लागतो, आणि ते काम करणारे जिवाणू सावकाश वाढतात. आधी साधी घाण कमी झाल्याशिवाय त्यांची पाळी येत नाही.

१५ मे

परवाच्या धुळीच्या वादळात कर्दळ आडवी झाली, बाकी ठीक. कीटकनाशक खात्याची माणसं आली. साचलेल्या पाण्यात डास होतील ही सगळ्यांची भीती. क्युलेक्स डास घाण पाण्यातच अंडी घालतो, तेव्हा भीती खोटी नाही. कडेच्या दोन संथ कोपऱ्यांत अळ्या सापडल्या. कोपरे बुजवले. त्यांनी गप्पी मासे दिले. गप्पी वरच्या पडद्याशी जगले, खालच्या बाजूचे दोन दिवसांत मेले. मासा आपल्या बाटलीतल्या आकड्यापेक्षा खरं बोलतो.

३० मे

बांध काढले. जाळ्या उघडून दगड काठावर रचले. थर सुकू नये म्हणून थोडे दगड ओल्या गोणपाटात गुंडाळून वर आरेच्या सावलीत, वाहत्या पाण्यात ठेवले. काम सहा तासांत संपलं. उभं करायला दोन रविवार लागले होते.

९ जून

पाऊस आला. पहिल्याच लोंढ्यात रस्त्यावरची सगळी घाण, तेल, धूळ. साका पांढरा. अपेक्षित होतं.

१० जुलै

आठ तारखेला रात्री एक ते सकाळी सात या सहा तासांत मुंबईत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. ओढा भिंतीला लागला, आत आला नाही. बांध काढले होते म्हणून आज वॉर्डातल्या साहेबांसमोर ताठ उभं राहता आलं. पाणकणीस आणि कर्दळ मुळासकट गेले. देवनळ मोडला पण मुळं धरून आहेत. वाळा जसाच्या तसा. पुढच्या वेळी कडेला वाळाच.

२५ ऑगस्ट

आठवडाभर उघडीप. पहाटे पावणेसहा, खालचं टोक, बांध नाही, ब्लोअर नाही. साका तपकिरी. ३.४.

यात पावसाच्या पाण्याचा वाटा मोठा आहे, हे मला माहीत आहे. खरी परीक्षा डिसेंबरात. पण नऊपैकी चार पाइप आता मलवाहिनीला जोडले आहेत, आणि तो वाटा पाऊस गेल्यावरही राहील. १४० मीटरचा ओढा ३३ किलो ऑक्सिजन कधीच आणू शकणार नव्हता. १५ किलोचं ओझं असेल तर कदाचित आणेल. सगळे बांध, काथ्या, झाडं मिळून जे करतात, त्याहून जास्त त्या चार जोडण्यांनी केलं. मग बांध कशाला? बांधामुळेच लोक मागच्या खिडकीतून ओढ्याकडे बघू लागले आणि पाइपसाठी पैसे निघाले. मला तरी हा क्रम असाच दिसला.

पाड्यावरच्या आजींना बोलावलं होतं. त्यांनी पाण्यात पाय घातला, हाताने दोन दगड उलटले. मुठा नव्हता. तिसऱ्याखाली चपट्या अंगाची, तीन शेपट्यांची एक अळी होती. मुलांनी भिंगातून पाहिलं: मेफ्लाय या उडत्या कीटकाचं पिल्लू. हिला ऑक्सिजन लागतो.

पुढचं काम: चार नंबरचा पाइप, वळणावरचा. चाळीतली बावीस घरं. गणपतीत सगळे घरी असतात, तेव्हा बैठक घ्यायची. खणायला मुकादमांनी ऑक्टोबरचा दुसरा आठवडा दिला आहे. विंकलरचं अल्कली आयोडाइड संपत आलं आहे, आणायचं.